दुसरा साक्षीदार

२ मार्च २०२५, रविवार

किळस आली आज. सरळ शब्दांत लिहितो, इथे कोण वाचायला येणार आहे!

सकाळी साडेसहाला धरणावर पोचलो तर काठावर एक नवरा मुलगा गुडघ्यावर बसलेला आणि समोर नवरी मुलगी लांबलचक झग्यात. लग्नाआधीचं शूटिंग म्हणे. मग कुणीतरी गुलाबी धुराचं नळकांडं पेटवलं. बेटावरचे चक्रवाक उठले ते उठलेच. अठ्ठावीस होते. महिन्याभरात हे पक्षी हिमालय ओलांडून जाणार, आत्ता त्यांना पोटभर खाऊन अंगावर चरबी चढवायची असते — आणि आम्ही त्यांना धूर दाखवतो.

आमचं गोदाकाठ पक्षिमंडळही काही कमी नाही. चौदा जण आले, पैकी अकरा जणांच्या गळ्यात तोफेएवढे कॅमेरे. दुर्बीण एकाकडेही नाही! ललित — मंडळाचा नवा अध्यक्ष, माझाच विद्यार्थी, दहावीला विज्ञानात छत्तीस मार्क — चिप्स खात खात बगळे मोजत होता. "सर, फोटो काढून घेऊ, घरी झूम करून मोजू." घरी मोजणार! रिकामं पाकीट त्याने खिशात घातलं, एवढाच काय तो माझ्या शिकवणीचा परिणाम.

नोंदवही मात्र अजून माझ्याकडे आहे. सत्तावीस वर्षं झाली. लाल पेनही माझ्याचकडे. आज तीन नोंदी खोडल्या.

४ मार्च, मंगळवार

छाया पहिल्या गाडीने पेठला गेली, बहिणीकडे. कुरडया-पापडांचा हंगाम. दर वर्षी मार्च लागला की मंगळवारी आणि शुक्रवारी हेच. गुडघ्याला पट्टा बांधून एसटीचे धक्के खात जायची काय हौस! नवऱ्याला डब्यात गार पिठलं.

९ मार्च, रविवार

चक्रवाक एकोणीस. तलवार बदकं शून्य, गेली सगळी. भुवई बदकं चाळीसेक. पिवळे धोबी आता खरोखरच पिवळे दिसायला लागलेत, म्हणजे त्यांचीही निघायची तयारी.

नंतर धाब्यावर मंडळाची बैठक. मिसळीचा लाल तवंग आणि त्यात बुडालेली चर्चा. ललितचं म्हणणं, दुर्मीळ पक्षी दिसला की लगेच ग्रुपवर नेमकी जागा टाकायची. मी म्हटलं, पिंगळ्याचं विसरलास का? मागच्या वर्षी पिंगळ्याच्या ढोलीपुढे पंधरा कॅमेरे लागले होते. एका शहाण्याने मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावला. चौथ्या दिवशी नर-मादी ढोल सोडून गेले. पिलं आत राहिली. तो वास मला अजून आठवतो.

जागा कुणी सांगितली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुष्टपणाने नसेलच सांगितली. कुणाला तरी खूश करायला सांगितली असेल. हेच तर जास्त ओंगळ आहे.

मग मीच नियम पुन्हा वाचून दाखवला — नियम माझा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे: यादीत नवा पक्षी घ्यायचा तर फोटो हवा, नाहीतर दुसरा साक्षीदार हवा. एकट्याने पाहिलेलं खोडायचं. मग तो कुणीही असो.

११ मार्च, मंगळवार

छाया पेठला. येताना पिशवीभर काकड्या. "बहिणीच्या परसातल्या." कुरडई मात्र एक नाही! तिथे करते आणि तिथेच वाटून येते.

१६ मार्च, रविवार

पाणी झपाट्याने उतरतंय. काठापासून बेटापर्यंत चिखलाची पट्टी उघडी पडली. आठवड्याभरात बेट नावालाच बेट राहील.

आणि गाळपेर सुरू! धरण उतरलं की उघड्या गाळात लोक काकडी, कलिंगडं लावतात. बेटावर तर एक बाई झोपडी घालूनच बसते, दर उन्हाळ्यात. आज तिचा पंप ऐन चिखलाच्या कडेला धडधडत होता — जिथे पाणपक्षी चरतात तिथेच. मी काठावरून ओरडलो, "बाई, ही जागा पक्ष्यांची आहे!"

तिकडून उत्तर आलं, "मंग म्या कुठं पाखरांना नाय म्हनले?"

निर्लज्जपणा बघा. मागच्या वर्षी मी तिच्या पंपाविरुद्ध लेखी अर्ज दिला होता. काही झालं नाही. कुठेच काही होत नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. मेथी आणायला गेलो आणि रहाडीतून, म्हणजे रंगाच्या हौदातून, निघालेल्या माणसांच्या तावडीत सापडलो. एका केशरी माणसाने मला मिठी मारली. कोण होता देव जाणे! पांढरा शर्ट कामातून गेला. घरी आलो तर छाया तोंडाला पदर लावून हसतेय.

"अहो, तीन दिवसांत जातो रंग."

माझ्या अंगावरचा जाईल. शर्टाचं काय?

२१ मार्च, शुक्रवार

नीट लिहितो.

छाया पहिल्या गाडीने गेली. मला घरात बसवेना. गल्लीत कुणाच्या तरी गाडीत गाणी सुरू झाली होती, सकाळी सहाला! स्कूटर काढली आणि धरणावर गेलो. आज मोजणीचा दिवस नाही, त्यामुळे काठावर चिटपाखरू — नाही, पाखरंच होती, माणूस नव्हता. पंपही बंद. इतकी शांतता त्या जागी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. चपला हातात घेतल्या आणि चिखलातून बेटावर गेलो. ओळीने तीन बाभळी आहेत, त्यांच्या अलीकडे बसलो.

सात वाजून दहा मिनिटं. पंचवीस पावलांवर, ढेकळांत, एक टिटवी. आधी वाटलं माळटिटवी. पण माळटिटवीचे पाय पिवळे, चोचीशी पिवळा लोंबता पडदा. हिचे पाय काळे! पडदा नाहीच! डोक्यावर काळी टोपी, तिच्याखाली रुंद पांढरी भुवई, ती दोन्हीकडून मागे जाऊन मानेवर मिळालेली. वळली तेव्हा पोट दिसलं — काळं आणि त्याखाली विटकरी. चार पावलं चालायची, थांबायची, वाकायची. ओरडणं नाही, काही नाही.

सोशिएबल लॅपविंग. थव्याने राहणारी म्हणून हे नाव. आणि ही एकटी! सगळ्या जगात आता काही हजारच उरल्यात म्हणतात. कझाकस्तानच्या माळावर जाऊन अंडी घालणार. वाटेत इथे, धुराच्या नळकांड्यांच्या आणि चिप्सच्या पाकिटांच्या गावात, ती अळ्या खात होती.

मी रडलो. चौसष्ट वर्षांचा माणूस, चिखलात बसून रडलो. लिहायला लाज कसली.

मोबाइलने फोटो काढला. एक ढेकूळ आणि त्याच्यामागे दुसरं ढेकूळ! मागे बाभळीत काहीतरी खसखसलं, कुत्रं असावं, तेवढ्यात ती उडाली. पंखात पांढरा पट्टा लख्ख दिसला. नंतर तासभर थांबलो, पण परत आली नाही.

संध्याकाळी छाया आली. अंगणात चपला धूत होती तिथेच तिला सगळं सांगितलं. "हो का?" म्हणाली. एवढंच! मग म्हणाली, "स्वेटर घालून जायचं ना. गारठा असतो पाण्यावर." स्वेटर खुंटीवर दिसला असणार. मी जगातला एक दुर्मीळ पक्षी पाहिला आणि हिला स्वेटरची पडलीय.

मंडळाच्या ग्रुपवर सविस्तर नोंद टाकली आहे.

२२ मार्च, शनिवार

थू!

मंडळातल्या मनोजने नुसता अंगठा पाठवला. ललितचं उत्तर: "सर, माळटिटवी असेल. सकाळचं तिरपं ऊन फसवतं." मला! मला सांगतो! मी लिहिलं, पाय काळे होते. तो: "चिखल असेल सर." त्यावर हसरे चेहरे. मग शेवटी: "सर, नियम आपलाच आहे. फोटो किंवा दुसरा साक्षीदार."

प्रतिभा मंडळाची चिटणीस. ती काही वाईट बाई नाही, पण तिची स्मरणशक्ती वाईट! म्हणजे फार चांगली. तिने लिहिलं, "सर, मॅडमचीही अशीच नोंद होती ना २०१६ ला? तुम्हीच खोडली होती."

नोंदवही काढली. २५ मार्च २०१६. छायाचं गोल अक्षर. 'बेट, तिसऱ्या बाभळीजवळ. टिटवी, पण पाय काळे, डोक्याला पांढरी पट्टी, ओरडत नाही. एक.' त्यावर माझी लाल रेघ. बाजूला माझंच अक्षर: 'माळटिटवी. निरीक्षक अननुभवी. खोडली.'

हे मी तेव्हा बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आणि पुढे काय म्हणालो तेही आठवलं: "आमच्या सौभाग्यवतींना चष्मा बदलून देतो." सगळे हसले. ती पण हसली होती बहुतेक. त्यानंतर ती मोजणीला आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली, मी मान डोलावली.

पाय काळे. तिने लिहिलं होतं. मी वाचलंच नव्हतं, नुसती रेघ मारली होती. माझी मलाच शिसारी आली.

२३ मार्च, रविवार

मंडळ आलं, माझं मन राखायला. बावीस माणसं, हसणं-खिदळणं, गाडीची दारं धाडधाड. टिटवी कुठली दिसतेय! काठावरूनच बघितलं आणि परतले. जाताना ललितने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, एकदा डोळे तपासून घ्या. आमच्या पप्पांनाही मोतीबिंदू निघाला."

त्याला छत्तीससुद्धा द्यायला नको होते.

२५ मार्च, मंगळवार

छाया पेठला. काकड्या आणल्या, कोवळ्या. मीठ लावून सगळ्या संपवल्या, संतापाने.

तिच्याशी २०१६ चं बोलावं म्हणतो. तोंड उघडतो आणि चहा मागतो.

२६ मार्च, बुधवार

एकटाच गेलो. सहा ते नऊ बाभळीपाशी बसून राहिलो. टिटवी नाही. ती गेली असेल तर माझी नोंदही गेली. पुढच्या मार्चपर्यंत मला मोतीबिंदूवालाच म्हणणार.

नऊला ती झोपडीतली बाई आली. धोंडाबाई तिचं नाव. आठ-दहा उन्हाळे तिला बघतोय, नाव आज विचारलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही ते वरडणारे मास्तर ना?"

हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? मग आवाज जरा खाली आणून विचारलं, इथे एक वेगळी टिटवी दिसली का? काळ्या पायांची?

"मुकी टिटवी व्हय! ती दरसाल येती. आठ-पंधरा दिस ऱ्हाती न् जाती. आपल्या टिटवीवानी केकाटत नाय, म्हनून मी मुकी म्हनते. काल होती की. त्या बाई तिच्यासाठीच येत्यात."

"कोण बाई?"

"नाशिकच्या. मंगळवारी न् शुक्रवारी, पेठच्या गाडीनं. फाट्याव उतरत्यात, तिथून चालत. गुडघ्याला पट्टा हाय त्यांच्या. बसत्यात तिकडं तिसऱ्या बाभळीमागं, वही घिऊन. लय गुनाच्या. त्या म्हनल्या म्हनून मी त्या दोन दिसांत सकाळचा पंप लावत नाय. जाताना काकड्या देते, तर फुकट घेत नाय."

मी ढेकळावर बसलो.

"परवाच्या शुक्रवारी आल्या होत्या?"

"आल्या ना. तुम्ही चिखलातून येताना दिसले तशा झोपडीत शिरल्या. मला म्हने, बोलू नको. मंग तुम्ही डोळं पुसाया लागले. त्या बी दाराआडून पुसत होत्या." मग तिने विचारलं, "वळखीच्या हायेत का?"

हो म्हणालो. तिने जाताना दोन काकड्या दिल्या. त्याच काकड्या.

२७ मार्च, गुरुवार

मी काही विचारलं नाही. दोन्ही काकड्या ओट्यावर ठेवल्या. छायाने काकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गव्हाच्या डब्यामागून शंभर पानी वही काढून समोर ठेवली. "वाचून झाली की जागेवर ठेवा."

२८ मार्च २०१७. ६.५५. एक.
२३ मार्च २०१८. ७.२०. एक. फार वारा.
२०१९ ला दोन होत्या! फक्त एका सकाळी.
२०२० — जाता आलं नाही. आली असेल.

अशी पानं. प्रत्येक वर्षाची. जागा, वेळ, ऊन, वारा, काय खाल्लं, किती पावलं चालली. इतक्या नेटक्या नोंदी मंडळात कुणाच्या नाहीत. माझ्याही नाहीत. शेवटच्या पानावर: '२१ मार्च २०२५. ७.१०. एक. बेटावर आणखी एक माणूस. त्यानेही पाहिली.'

म्हणजे आठवडाभर मी या घरात फेऱ्या मारत साक्षीदार साक्षीदार म्हणून ओरडत होतो, आणि साक्षीदार मेथी निवडत बसली होती.

"का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं?" एवढं बोलून ती पोळ्या लाटायला गेली.

उत्तर मला कळलं. लाल पेन. नऊ वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून जेवली आणि मी तिला लोकांच्या चुका वाचून दाखवत राहिलो. घाण आहे मी. काठावरची पाकिटं परवडली.

२८ मार्च, शुक्रवार

छाया पहिल्या गाडीने गेली. पेठला म्हणाली नाही, नुसतं "येते" म्हणाली. मीही कुठे म्हणून विचारलं नाही. बरं वाटलं.

दिवसभर बसून काम केलं. २०१६ च्या नोंदीवरची लाल रेघ पांढऱ्या शाईने पुसली आणि खाली लिहिलं: 'पहिली नोंद छायाची. निरीक्षक उत्तम. खोडणारा मूर्ख.' खाली सही. मग तिच्या वहीची सगळी पानं ग्रुपवर टाकली. तारखा, वेळा, सगळं. बेटाचा नकाशा काढला, फाट्यापासूनची पायवाट दाखवली, तिसऱ्या बाभळीवर फुली. नोंद म्हटली की पूर्ण हवी. अर्धवट नोंद मी कुणाची घेतली नाही, हिची कशी घेईन?

काय टाळ्या पडल्या! ललितने माफी मागितली, मंडळाच्या सार्वजनिक पानावरही टाकलं म्हणाला. प्रतिभाने मॅडमचा सत्कार सुचवला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मंडळातल्या कुणाचाही राग आला नाही.

छायाला यातलं काही कळू दिलं नाही. ती तो ग्रुप बघतच नाही. संध्याकाळी आली ती खुशीत होती, "आहे अजून," म्हणाली. पाडव्याला तिला बरोबर घेऊन जाणार आणि तिथेच, बाभळीपाशी, नोंदवही तिच्या हातात देणार.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारून तिला स्कूटरवर घेऊन गेलो. फाट्यापासूनच गाड्या लागल्या होत्या.

बेटावर एकेचाळीस माणसं. मी मोजली. तिसऱ्या बाभळीची खालची फांदी तोडून टाकलेली, मधे येत होती म्हणे. धोंडाबाईचे वेल तुडवलेले, ती एकेकाला हाताने ढकलत होती. कुणीतरी मोबाइलवर टिटवीचा आवाज लावला होता. ती तर मुकी आहे.

पक्षी शून्य.

ललित धावत आला. "मॅडम, अभिनंदन!" छायाने त्याच्या हातातला तो नकाशा घेतला, बघितला, माझं अक्षर ओळखलं. नोंदवही माझ्या पिशवीतच राहिली. परतताना मागे बसून तिने खांद्यावर हात ठेवला नाही, सीटची कडी धरली. घराजवळ आल्यावर बोलली.

"तुमच्यावर रागावून गप्प नव्हते हो मी. राग तर पहिल्याच वर्षी संपला. ती येत राहावी म्हणून गप्प होते."

१ एप्रिल, मंगळवार

पेठची पहिली गाडी गेली. छाया घरीच आहे.